आपल्या माणसांचा फोटो हाही इतिहासच



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने आमच्याकडे एक काम दिले. हे विहार उभे करताना ज्यांनी वर्गणी दिली, दगड-माती वाहिली, रात्री कंदील लावून भिंती चढवल्या आणि जे आज आपल्यात नाहीत, अशा सर्व कालकथित उपासक-उपासिकांचे फोटो गोळा करायचे आणि ते एका पानावर नावासह छापायचे. आम्हाला वाटले, यात काय अवघड आहे? गिरणीची पाळी सुटली की सेनगावातल्या आपल्या वस्तीत घरोघर जायचे, फोटो मागायचे, झाले.

चार दिवसांत डोळे उघडले. कुणाच्या घरी फोटो होता, पण ओलीने काचेला चिकटून अर्धा चेहरा गेलेला. कुणाकडे निराधार योजनेच्या अर्जाला लावलेल्या पासपोर्ट फोटोची उरलेली एक प्रत. कुणाकडे लग्नाच्या गर्दीत पाठमोरी उभी असलेली व्यक्ती, आणि घरचे बोट ठेवून सांगतात, "हे पाहा, हे आमचे आजोबा." एका घरी गेलो. त्या माऊलीने विहाराच्या भिंतींना पाणी मारण्यासाठी शेतातून आल्यावर रोज डोक्यावर घागरी वाहिल्या, हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. तिच्या लेकीला फोटो मागितला. ती बराच वेळ पेटीत हुडकत राहिली आणि मग म्हणाली, "मह्या मायचा फोटू नाही बापू. कोणी काढलाच नाही. मह्या डोळ्यांत हाय तेवढीच."

म्हणून या स्मरणिकेतील त्या पानावर काही चौकटी रिकाम्या आहेत. खाली नाव आहे, वर चेहरा नाही. छापखान्याची ती चूक नाही. आम्हीच आग्रह धरला की चौकट काढू नका, रिकामी राहू द्या. या लेखात आम्हाला त्या रिकाम्या चौकटींबद्दल बोलायचे आहे. त्या का रिकाम्या राहिल्या आणि पुढच्या स्मरणिकेत त्या राहू नयेत म्हणून काय करावे, एवढाच विषय.

कुणाचे फोटो निघत होते?

फोटो काढण्याची कला 1839 साली फ्रान्समधील दागेर याच्या शोधाने जगापुढे आली. नंतर थोड्याच काळात ती हिंदुस्थानात पोचली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे जोतिराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती 1848 साली, आणि पुढच्या सहा वर्षांत मुंबईत फोटोवाल्यांची संस्थाही निघाली होती. पण कॅमेरा आला म्हणून तो सगळ्यांसाठी आला असे होत नाही. विहिरीला पाणी होते म्हणून ते सगळ्यांना थोडेच मिळत होते!

आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानची रयत होतो. त्या हैदराबादेत लाला दीनदयाळ नावाचे फार मोठे फोटोग्राफर होऊन गेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमले आणि राजा ही पदवी दिली. राजवाडे, शिकारी, मेजवान्या, साहेबलोक, सरदार-जहागीरदार, सर्वांचे फोटो त्यांनी काढले. पडद्यातल्या खानदानी बायकांना परपुरुषापुढे येता येत नाही, म्हणून 1892 साली हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमल्या. दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत.

दीनदयाळांच्या कलेला आमचा नमस्कार आहे. पण त्याच संस्थानात, त्याच वर्षी, आपली पणजी-खापरपणजी पाटलाच्या वाड्यासमोरून पायातली वहाण हातात घेऊन जात होती. एकाच राज्यातल्या दोन बायका. एकीच्या अब्रूसाठी वेगळा स्टुडिओ बांधला गेला. दुसरीचा चेहरा कसा होता हे तिच्या नातवालाही ठाऊक नाही.

मग आपल्या माणसांचे फोटो त्या काळात निघालेच नाहीत काय? निघाले, पण ते कसे निघाले हे समजून घेतले पाहिजे. 1857 च्या बंडानंतर इंग्रज सरकारला इथल्या जाती-जमातींची माहिती हवी होती. त्यातून 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. त्याआधी 1860 नंतरच्या काही वर्षांत विल्यम जॉन्सन या साहेबाने मुंबईतल्या जातींवर फोटोंची पुस्तके काढली. अशा पुस्तकांत गोरगरीब माणसाचा फोटो असतो आणि खाली बहुतेक वेळा त्याच्या जातीचे नाव असते. माणसाचे नाव नसते. जसे दवाखान्यात बाटलीवर चिठ्ठी लावावी तसे. त्या माणसाला कुणी विचारले नसेल की बाबा, तुझा फोटो काढू का? तुला एक प्रत देऊ का?

तर फोटोचे दोन प्रकार पडतात. एक, माणूस स्वतः जाऊन, आपल्या मनाप्रमाणे बसून, आपल्या घरासाठी काढून घेतो तो. दुसरा, त्याला उभा करून कुणीतरी आपल्या दप्तरासाठी काढतो तो. आपल्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या दुसरा प्रकार आला. आणि आजही थोडा विचार करा. निवडणूक आयोगाने 1993 साली फोटोची ओळखपत्रे सुरू केली. पुढे 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. या योजनांमुळे गरिबांचे फोटो निघाले, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या वस्तीतल्या किती म्हाताऱ्या माणसांचा फोटो कार्डाच्या बाहेर कुठे आहे? सरकारला ओळखू यावे म्हणून काढलेला फोटो आहे. लेकरांना आठवावे म्हणून काढलेला फोटो नाही.

गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचा फोटो

जोतिराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण सर्व जाणतो. त्याच अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा एक पुढारी होता. गुलामाच्या पोटी जन्मला, पळून जाऊन मुक्त झाला, चोरून लिहायला-वाचायला शिकला आणि गुलामगिरीविरुद्ध देशभर भाषणे देत फिरला. या डग्लसने आयुष्यात मुद्दाम पुष्कळ फोटो काढून घेतले. अभ्यासकांनी शोधून त्याचे 160 च्या वर वेगवेगळे फोटो जमवले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत इतके फोटो दुसऱ्या कुणाचे निघाले नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

डग्लसला फोटोचे वेड नव्हते. त्या काळी वर्तमानपत्रांत काळ्या माणसाची व्यंगचित्रे काढत. जाड ओठ, बटबटीत डोळे, वेडगळ हसू. डग्लसने ओळखले की या खोट्या चित्रांना उत्तर द्यायचे तर खरा चेहरा समोर ठेवला पाहिजे. म्हणून तो नीट कोट घालून, ताठ बसून, गंभीर चेहऱ्याने फोटो काढून घेई. या विषयावर त्याने 1861 साली भाषणही दिले. तिथेच सोजर्नर ट्रुथ नावाची एक स्त्री होती. तीही गुलामगिरीत जन्मलेली, तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने आपले फोटो छोट्या कार्डांवर छापून, त्यावर आपले नाव घालून विकले आणि त्या पैशांतून आपला चरितार्थ आणि प्रचारकार्य चालवले. ज्या बाईला मालकांनी अनेकदा विकले, ती आता आपला फोटो आपल्या मर्जीने विकत होती!

आता बाबासाहेबांचा फोटो डोळ्यांपुढे आणा. सूट, टाय, खिशाला पेन, हातात ग्रंथ. त्यांच्या काळात आपल्या माणसाने धड धोतर नेसले, बाईने चांगले लुगडे नेसले तरी गावाच्या पोटात दुखत होते. अशा काळात हा फोटो खेडोपाडी पोचला. शंभर भाषणांनी जे झाले नसते ते त्या एका फोटोने केले. कुडाच्या झोपडीतल्या पोराला कळले की आपलाही माणूस असा दिसू शकतो. म्हणूनच तर बाबासाहेबांचा फोटो घरात लावला यावरून भांडणे झाली. कागदाच्या तुकड्याला कुणी एवढे भीत नाही.

राजगृहातला एक फोटो

बाबासाहेबांच्या कुटुंबाचा एक फोटो आपल्या अनेकांच्या घरी आहे. तो फेब्रुवारी 1934 मध्ये मुंबईला दादरच्या राजगृहात काढलेला आहे. त्यात डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, बाबासाहेबांचे थोरले बंधू आनंदराव यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीसुद्धा त्यात आहे.

आम्ही हा फोटो लहानपणापासून पाहत आलो. पण तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. रमाईंचे निधन झाले 27 मे 1935 रोजी. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा त्या माऊलीच्या हाती जेमतेम पंधरा महिने उरले होते. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे तिने मातीत घातली होती. त्या लेकरांचे चेहरे आम्ही कुठेच पाहिलेले नाहीत. रमाईंचे फोटोही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्या दिवशी कुणी म्हटले असते की आज कामे आहेत, पुढच्या वर्षी काढू, तर? आज गावोगावी रमाईची जयंती होते, तिच्या नावाने घरकुले आहेत, तिच्यावर गाणी आहेत. हे सगळे असते, पण राजगृहात घरच्या माणसांबरोबर बसलेली रमाई आपल्याला दिसली नसती. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. ग्रंथाच्या त्या पानावर नाव वाचायला मिळते, आणि राजगृहातल्या फोटोत चेहरा पाहायला मिळतो. दोन्ही मिळून ती माऊली आपल्यापर्यंत पोचते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या फोटोत कोण कोण आहे, केव्हाचा आहे, कुठला आहे हे कुणीतरी नोंदवून ठेवले. म्हणून लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आपल्याला ओळखू येतात. नोंद नसती तर आपण म्हटले असते, कुणीतरी नात्यातली बाई असेल.

बाबासाहेबांचे फोटो आणि कागदपत्रे जमवण्यात विजय सुरवाडे यांच्यासारख्या संग्राहकाने आयुष्याची वर्षे घातली. डिसेंबर 1956 मध्ये बाबासाहेबांची अंत्ययात्रा मुंबईत निघाली तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. सगळा समाज रडत होता, आणि एक माणूस रडत रडत कॅमेरा चालवत होता. त्या दिवशी तो जनसागर कॅमेऱ्यात आला नसता, तर पुढच्या पिढ्यांना आपण तो काय दाखवला असता?

खुर्चीत बसलेला माणूस

आता आपल्या वस्तीकडे येऊ. जुनी माणसे सांगतात की फोटो काढायचा म्हणजे हिंगोली गाठावी लागे. त्यात मजुरीचा दिवस बुडायचा. वर समज असे की फोटो काढला की आयुष्य घटते, लेकराचा फोटो काढला की दृष्ट लागते. पुष्कळ घरांत माणूस गेल्यावरच फोटोवाल्याला बोलावत. मयताला खुर्चीत बसवायचे, मान पडू नये म्हणून मागून आधार द्यायचा, भोवती घरचे उभे करायचे आणि एक फोटो काढायचा. जिवंतपणी ज्याला कधी खुर्ची मिळाली नाही, तो मेल्यावर खुर्चीत बसला. असे फोटो आम्ही या फेरीत पाहिले आणि मान खाली घातली.

पण एका घरी वेगळा फोटो मिळाला. तो पोस्टकार्ड साईजचा, काळा-पांढरा, कडा खाल्लेला. घरातले एक आजोबा ऐन उमेदीत नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. ती गिरणी आता बंद पडली आहे. पगार झाल्यावर त्यांनी तिथल्या एका स्टुडिओत जाऊन हा फोटो काढला आणि घरी धाडला. मागे रंगवलेला बागेचा पडदा आहे. आजोबा खुर्चीत ताठ बसलेत, सदऱ्याच्या खिशाला पेन आहे, मांडीवर पुस्तक आहे. घरचे हसून म्हणाले, "आजोबाला वाचता येत नव्हतं. पेन अन् पुस्तक त्या स्टुडिओवाल्याचं हाय."

आम्हाला हसू आले नाही. ज्या गावात पाटील समोरून आला तर बाजेवरून उठून उभे राहावे लागे, त्या गावातला हा माणूस कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसला. वाचता येत नसताना पुस्तक हाती घेतले, कारण आपल्याला काय व्हायचे होते आणि पोरांना काय करायचे आहे हे त्याला नक्की ठाऊक होते. पुढे त्याच माणसाने पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवली. फोटोच्या मागे कुणाकडून तरी शिसपेन्सिलीने लिहून घेतले आहे. नाव, गाव आणि साल 1961. त्या तीन शब्दांमुळे आम्हाला त्या माणसाचा आणि त्या काळचा पत्ता लागला. असा एक फोटो दहा पानांच्या इतिहासाला भारी आहे.

असे फोटो आपल्याकडे कमी उरले, त्याचे आणखी एक कारण आहे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. परभणी, नांदेड आणि इतर जिल्ह्यांत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. घर जळाले की धान्य जळाले, भांडी गेली, याचा पंचनामा होतो. भिंतीवरच्या फोटोचा पंचनामा कोण करतो? पत्र्याचे घर पुन्हा उभे राहते, पण जळालेला आजोबांचा फोटो पुन्हा कुठून आणणार? सोळा वर्षांच्या लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्या लढ्यात आपल्या गावोगावची जी साधी माणसे मोर्च्यात चालली, तुरुंगात गेली, त्यांचे तरी फोटो आपण काढून ठेवले आहेत काय, हा प्रश्न आता आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

आमच्या मायचे गोंदण

घरोघर फिरून दुसऱ्यांना शहाणपण सांगणे सोपे असते. म्हणून आमच्या घरचे सांगतो. आमची माय गेली तेव्हा तिचा एकही नीट फोटो आमच्याकडे नव्हता. चळवळीच्या नावाखाली आम्ही शंभर सभांचे फोटो काढले, पुढाऱ्यांना हार घालतानाचे फोटो जपले. पण मायला एक दिवस स्टुडिओत नेऊन बसवावे हे सुचले नाही. ती म्हणायची, "मह्या तोंडाचा काय फोटू काढता? तुमचाच काढा." आणि आम्ही खरेच आमचाच काढत राहिलो.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेजवळ ठेवायला मायचा फोटो हवा होता. शेवटी मतदार कार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन एका दुकानात गेलो आणि मोठा करून मागितला. त्या पोराने संगणकावर मेहनत केली. फोटो मोठा झाला, फ्रेम झाली. घरी आणून ठेवला तर बाया गप्प झाल्या. मायच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. त्या पोराला ते डाग वाटले आणि त्याने ते पुसून टाकले. रंग उजळ केला. सुरकुत्या काढल्या. नातवाने फोटोकडे पाहून विचारले, "ही कोण हाय?"

त्या पोराचा काय दोष? त्याने मायला कधी पाहिले नव्हते. दोष आमचा. माय जिवंत असताना, समोर बसलेली असताना, तिचे गोंदण पाहून फोटो काढणारा माणूस आम्ही गाठला नाही. ते गोंदण म्हणजे तिचे माहेर होते, तिचे बालपण होते. आज ते कुठेच नाही.

कुणी म्हणेल, आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दिवसाला पन्नास फोटो निघतात, मग स्टुडिओवाला कशाला? मोबाइलचे फोटो काढा, त्याला आमची ना नाही. पण मोबाइलमध्ये माय निघते ती चुलीपुढे वाकलेली, कुणाच्या तरी खांद्यामागे, डोळे मिटलेली. मोबाइल बिघडला की तीही जाते. फोटोचा धंदा करणारा जाणता माणूस काय करतो? तो माणसाला नीट बसवतो. उजेड एका बाजूने घेतो, म्हणजे चेहऱ्याची ठेवण दिसते. पदर सारखा करायला सांगतो. घाई करत नाही. म्हाताऱ्या माणसाचे अवघडलेपण जाईपर्यंत दोन गोष्टी बोलतो आणि मग फोटो घेतो. आणि खरे सांगायचे तर ज्याचा फोटो निघणार त्याच्यासाठीही तो दिवस मोठा असतो. ती म्हातारी सकाळी डोके धुते, ठेवणीतले पांढरे लुगडे नेसते, पोरगा तिला गाडीवर बसवून नेतो, दुकानात तिला खुर्ची देतात. सगळे आयुष्य दुसऱ्याचे करण्यात गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी चार माणसे थांबलेली असतात. हा मान तिला जिवंतपणी मिळाला पाहिजे. फ्रेमला हार घालून तो तिला पोचत नाही.

सगळे अनित्य आहे, मग फोटो कशाला?

आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न केला. तथागतांनी सांगितले की सर्व संस्कार अनित्य आहेत. सांची आणि भारहूतच्या जुन्या शिल्पांत तर खुद्द बुद्धांची मानवी प्रतिमा नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावले एवढेच कोरलेले आहे. बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. मग मेलेल्यांचे फोटो लावणे ही दुसऱ्या वाटेने पितरांची पूजाच नाही का?

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. फोटोपुढे नैवेद्य ठेवला, नवस बोलला, कोप होईल म्हणून भ्यालो, तर ती पूजा. ती करू नये. पण ज्यांनी आपल्यासाठी कष्ट केले त्यांचे उपकार आठवणे याला धम्मात कृतज्ञता म्हणतात, आणि ती मंगल गोष्टींमध्ये मोजली आहे. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिले त्यांची नावे तिथे दगडात कोरलेली आहेत. त्यात सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गांधिक आहे, भिक्खुणी आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यात माळ्याच्या घरचे दान नोंदलेले आहे. ती साधी कामकरी माणसे होती. राजाचे नाव कोरले आणि सुताराचे वगळले असे त्या संघाने केले नाही. म्हणून आज आपण अभिमानाने सांगू शकतो की ही लेणी कष्टकऱ्यांच्या दानावरही उभी आहेत. मग आपल्या सेनगावच्या विहारासाठी घागरी वाहिलेल्या बाईचे नाव आणि चेहरा आपण ठेवला तर ती आपलीच जुनी रीत पुढे चालवणे होईल. आणि फोटो जपता जपता हेही कळतेच की माणूस जातो. तो जाणार आहे हे ज्याला पटले, तो फोटो उद्यावर टाकत नाही.

आता काय करायचे?

नुसता लेख वाचून पान उलटू नये, म्हणून काही गोष्टी सांगतो. त्या आम्ही जाणत्या फोटोवाल्यांना विचारून आणि स्वतः चुका करून शिकलो आहोत.

घरात जे वडीलधारे आहेत त्यांचा नीट फोटो या वर्षी काढा. आजारी पडायची वाट पाहू नका. एकट्याचा एक आणि सगळ्या घराचा एक, असे दोन काढा. गोंदण, सुरकुत्या, पडलेला दात, काही पुसू नका म्हणून फोटोवाल्याला आधीच सांगा. बाईच्या हातात विळा असेल, बापाच्या हातात तुतारी किंवा हातोडा असेल, तर तोही फोटोत येऊ द्या, पण त्यांच्या मर्जीने. ज्याचा फोटो त्याला आधी विचारा.

फोटो कागदावर छापून घ्या आणि मूळ प्रत दोन वेगळ्या घरी ठेवा. एका घरात पाणी शिरले तरी दुसरीकडची राहील. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, माहेरचे नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो आणि शाईही उतरते. जुन्या फोटोला प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट नेऊन त्याचाच फोटो काढून घ्या. जुने काळे-पांढरे फोटो चांदीच्या कणांचे असतात, ते नीट धुतलेले असतील तर पिढ्यान् पिढ्या टिकतात. रंगीत फोटोचा रंग मात्र उन्हाने आणि काळाने उडतो, म्हणून तो उन्हाच्या भिंतीवर लावू नका. चुलीचा धूर, ओल आणि वाळवी हे तीन शत्रू ओळखून राहा.

आणि विहाराच्या वतीने आम्ही एक सूचना मांडतो. येत्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ऐकायला सगळी वस्ती विहारात जमतेच. त्यातल्या एका रविवारी चांगला फोटोग्राफर विहारातच बोलवावा. त्याची मजुरी विहाराच्या वर्गणीतून पूर्ण द्यावी, फुकट मागू नये, तोही कष्टकरीच आहे. मागे साधा पांढरा पडदा लावावा, पुढे एक चांगली खुर्ची ठेवावी आणि साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाई-माणसाला मानाने त्या खुर्चीत बसवावे. शिकलेल्या मुला-मुलींनी शेजारी वही घेऊन बसावे आणि ज्याचा फोटो त्याची चार वाक्ये त्याच्याच तोंडून लिहून घ्यावीत. जन्म कुठला, कामे काय केली, विहारासाठी काय केले. एक प्रत घरी द्यावी, एक विहाराच्या कपाटात ठेवावी. मोठा खर्च नाही. जयंतीच्या डीजेला जेवढे पैसे जातात त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही.

फोटो नाही असे म्हणणाऱ्या त्या लेकीकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. आईचा फोटो नाही, आता तो कुणी आणू शकत नाही. पण तिला विचारले, बाई, तुमचा तरी आहे का? ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मह्या फोटूचं काय काम पडलं आता?" आम्ही तिला सांगून आलो आहोत की त्या रविवारी पहिली खुर्ची तुमची.

नमो बुद्धाय. जय भीम.